तीन चंबूंची गोष्ट

माझ्या टेबलाच्या खणात एक जुना गॉगल आहे. उन्हात मिरवायचा नव्हे, कारखान्यात मशीनवर काम करताना डोळ्यांवर चढवतात तो, बिनरंगाचा, पारदर्शक. त्याच्या उजव्या काचेवर मधोमध एक खोल ओरखडा आहे आणि ओरखड्याभोवती पांढरट डाग. घरातल्यांनी तो तीन-चार वेळा भंगारात काढला आणि मी तितक्याच वेळा परत आणून ठेवला. त्याची हकिगत सांगेनच. पण ती समजण्यासाठी आधी सव्वाशे वर्षांचा एक इतिहास सांगावा लागेल.

‘काच’ हा शब्द मी सवयीने वापरला. ती काच नाही, प्लास्टिक आहे. पॉलिकार्बोनेट हे त्याचे नाव. नाव अनोळखी वाटले तरी वस्तू अनोळखी नाही. हेल्मेटची समोरची पारदर्शक पट्टी, चष्म्याच्या हलक्या काचा, मोटारीच्या दिव्यावरचे आवरण, दंगलीच्या वेळी पोलिसांच्या हातात दिसणारी पारदर्शक ढाल, गॅलरीवरचे उजेड देणारे पत्रे, कार्यालयांत पाण्यासाठी ठेवलेला वीस लिटरचा निळसर जार आणि आता अडगळीत गेलेल्या गाण्यांच्या सीडी. या साऱ्यांत बहुतेक वेळा हेच प्लास्टिक असते. विक्रेता ते हातात देताना एकच वाक्य बोलतो, “घ्या साहेब, फुटणार नाही.” आज मला या वाक्याचा इतिहास सांगायचा आहे. योगायोग असा, की या इतिहासाच्या तीन मुख्य वळणांवर प्रयोगशाळेतला एकेक चंबू उभा आहे.

न विखुरलेला चंबू

मी 1978 साली पिंपरी-चिंचवड भागातल्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलो. आमच्या खात्याचे मिस्त्री कोल्हापूरकडचे होते. सगळे त्यांना नाना म्हणत. नानांचा डावा डोळा काचेचा होता. तरुणपणी ग्राइंडरवर काम करताना चाकाचा तुकडा उडाला. डोळ्यांवर गॉगल होता, पण तो साध्या काचेचा. तुकडा डोळ्यात गेलाच नाही. गेले ते गॉगलच्या काचेचे कण. पहिल्याच दिवशी नानांनी मला समोर उभे केले आणि म्हणाले, “पोरा, ज्याने राखायचे त्यानेच घात केला बघ माझा. गॉगल घाल, पण तो कशाचा आहे ते आधी विचार.” हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला.

काचेचा दोष तिच्या कठीणपणातच आहे. काच ओरखडा सोसते, आम्ल सोसते, ऊन सोसते. पण वाकणे तिला माहीत नाही. घाव बसला की लोखंड थोडे चेपते, लाकूड दबते, घावाचा जोर अंगात जिरवते. काच जिरवत नाही. तिच्यात एक बारीक तडा सुरू झाला की तो क्षणात आरपार धावतो आणि एका वस्तूची शंभर पाती होतात.

पहिला चंबू आहे पॅरिसमधला, 1903 सालचा. एदुआर बेनेदिक्तुस हा फ्रेंच कलावंत आणि रसायनज्ञ. त्याच्या प्रयोगशाळेत एक काचेचा चंबू खाली पडला. त्याला तडे गेले, पण तुकडे विखुरले नाहीत. चंबू आपला आकार धरून राहिला. चंबूत पूर्वी सेल्युलोज नायट्रेटचे द्रावण होते. ते सुकून आतून एक पातळ पापुद्रा चिकटला होता आणि त्याने सगळे तुकडे धरून ठेवले होते. मोटारी तेव्हा नव्या होत्या आणि अपघातात काचेने माणसे जखमी होत होती. बेनेदिक्तुसने दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर घालून सुरक्षित काच बनवली आणि 1909 साली तिचे पेटंट घेतले. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांच्या डोळ्यांपाशी अशी काच बसवली जाऊ लागली. आजही आपल्या मोटारीची समोरची काच याच जातीची असते.

पण ही काच फुटायची थांबली नव्हती, फक्त विखुरायची थांबली होती. पुढची पायरी म्हणजे काचेला निरोपच देणे. 1933 साली जर्मनीत ओटो रोम यांच्या कंपनीने ‘प्लेक्सिग्लास’ हे नाव नोंदवले. हे अॅक्रिलिक. काचेच्या निम्म्याहून कमी वजनाचे आणि काचेसारखेच स्वच्छ. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या वैमानिकांसमोरची आवरणे अॅक्रिलिकची होती. गोळी लागली की तीही फुटत आणि वैमानिकांच्या डोळ्यांत कण जात. लंडनचे नेत्रवैद्य हॅरॉल्ड रिडली यांच्या लक्षात आले, की हे कण डोळ्यात राहिले तरी डोळा चिडत नाही. त्यावरून त्यांनी 29 नोव्हेंबर 1949 रोजी सेंट थॉमस रुग्णालयात मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात पहिले अॅक्रिलिकचे भिंग बसवले. आज आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना मोतीबिंदूनंतर ‘लेन्स बसवली’ असे आपण सहज म्हणतो, त्याची सुरुवात विमानाच्या फुटलेल्या आवरणात आहे. म्हणजे अॅक्रिलिकने डोळे वाचवले खरे, पण फुटून! न फुटणारी पारदर्शक वस्तू अजून सापडायची होती.

फोडावा लागलेला चंबू

खरे तर तिची जात एकदा सापडून हातची गेली होती. 1898 साली म्युनिक येथे आल्फ्रेड आइनहॉर्न या रसायनज्ञाने काही पॉलिकार्बोनेटे तयार केली होती. पण हाती आलेला पदार्थ धड विरघळेना, धड वितळेना. उपयोग काय, म्हणून तो बाजूला पडला. आइनहॉर्नचे नाव पुढे झाले ते दात काढताना पूर्वी देत असत त्या भुलेच्या औषधासाठी, म्हणजे नोव्होकेनसाठी. पॉलिकार्बोनेट पन्नासहून अधिक वर्षे जवळजवळ विस्मरणात राहिले.

ही वर्षे वाया गेली असे मात्र नाही. मधल्या काळात हर्मान श्टाउडिंगर या जर्मन शास्त्रज्ञाने प्लास्टिक, रबर, रेशीम यांचे मूळ रहस्य सांगितले. हे पदार्थ म्हणजे हजारो अणूंच्या लांबच लांब साखळ्या आहेत, असे तो म्हणे. 1920 च्या दशकात अनेक मातब्बरांना ते पटत नव्हते. अखेर 1953 साली त्याला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी त्याच्याच एका विद्यार्थ्याने इतिहास घडवला.

या विद्यार्थ्याचे नाव हर्मान श्नेल. तो बायर कंपनीच्या युर्डिंगेन येथील प्रयोगशाळेत काम करत होता. आइनहॉर्नने घेतलेल्या कच्च्या मालाऐवजी त्याने बिस्फेनॉल-ए नावाचा पदार्थ घेतला. तो चिकटद्रव्यांच्या धंद्यात आधीच वापरात होता. त्यातून निघालेले प्लास्टिक वितळत होते, साच्यात ओतता येत होते, पारदर्शक होते आणि विलक्षण चिवट होते. ऑक्टोबर 1953 मध्ये बायरने पेटंटसाठी अर्ज केला. पुढे त्याचे व्यापारी नाव ‘मॅक्रोलॉन’ ठरले.

आता दुसरा चंबू. त्याच 1953 साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत डॅनियल फॉक्स नावाचा तरुण रसायनज्ञ विजेच्या तारांवर लावण्यासाठी एक लेप शोधत होता. असा लेप, की जो ओलाव्याने खराब होणार नाही. विद्यार्थिदशेत हाताळलेला कार्बोनेट जातीचा एक पदार्थ पाण्याला दाद देत नव्हता, हे त्याला आठवले. त्याने चंबूत मिश्रण तापवायला घेतले. मिश्रण घट्ट होत गेले, इतके की ढवळण्याचा दांडा फिरेना आणि मोटर थांबली. थंड झाल्यावर पाहतो तर दांडा आत पक्का रुतलेला. चंबू फोडण्याखेरीज इलाज उरला नाही. काच फुटली, आतला गोळा मात्र तसाच. दांड्याच्या टोकाला चिकटलेला तो गोळा जणू एक हातोडाच झाला. सहकाऱ्यांनी तो आपटून पाहिला, ठोकून पाहिला, त्याने खिळे ठोकून पाहिले असेही सांगतात. पण गोळा फुटला नाही.

मला या प्रसंगात एक गोष्ट फार बोलकी वाटते. फॉक्स पाण्याला न भिणारा लेप शोधत होता, न फुटणारी काच नव्हे. पाण्याचा हा धागा लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

एकच शोध, दोन देश, दोन कंपन्या. आपल्याकडे असे झाले असते तर वीस वर्षे कोर्टात गेली असती, असे आपण म्हणू. त्या दोघांनी शहाणपणा केला. पेटंट ज्याला मिळेल त्याने दुसऱ्याला वाजवी मोबदल्यात परवाना द्यायचा, असा करार झाला. अमेरिकेतही पेटंटचा मान बायरलाच मिळाला. बायरने 1958 साली आणि जनरल इलेक्ट्रिकने 1960 साली मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. अमेरिकन मालाचे नाव ‘लेक्सान’. आमच्या कारखान्यात कुठल्याही कंपनीचा माल आला तरी सगळे त्याला लेक्सानच म्हणायचे. वनस्पती तुपाला डालडा म्हणावे तसे.

चिवटपणाचे गुपित

हे प्लास्टिक फुटत का नाही? शेवयांचा ढीग डोळ्यांसमोर आणा. साखरेचा खडा ठोकला की फुटतो, कारण त्याचे कण ओळीने रचलेले असतात. शिजलेल्या शेवयांच्या गुंत्यात बोट खुपसले तर गुंता फुटत नाही. शेवया एकमेकींवरून सरकतात, ताणल्या जातात. पॉलिकार्बोनेटच्या साखळ्या अशाच गुंतलेल्या असतात. त्या ओळीत रचल्या जात नाहीत म्हणून उजेड अडत नाही आणि पदार्थ पारदर्शक राहतो. घाव बसला की साखळ्या तुटण्याआधी ताणल्या जातात, सरकतात आणि घावाचा जोर त्या ताणण्यात खर्ची पडतो. काचेला जे जमत नाही ते हेच.

आघात मोजण्याची एक जुनी रीत आहे. एडविन आयझॉड या इंग्रज अभियंत्याने ती 1903 साली मांडली, म्हणजे पॅरिसचा चंबू पडला त्याच वर्षी. पदार्थाची छोटी पट्टी घ्यायची, तिला मुद्दाम एक खाच पाडायची, ती उभी पकडायची आणि झोपाळ्यासारखा सुटणारा जड लोलक तिच्यावर आपटायचा. पट्टी तोडून लोलक पलीकडे किती वर जातो त्यावरून किती जोर खर्ची पडला ते कळते. या कसोटीत अॅक्रिलिकच्या तुलनेत पॉलिकार्बोनेट सुमारे तीस पट किंवा त्याहून जास्त जोर सोसते. वजन मात्र काचेच्या निम्म्याहून कमी: काचेची घनता अडीच, याची 1.2. उजेड जवळजवळ 88 ते 90 टक्के आरपार जातो. 147 अंश सेल्सिअसच्या आसपास ते मऊ पडू लागते, म्हणजे उकळत्या पाण्यात त्याचा आकार बिघडत नाही.

एवढे गुण एकत्र आल्यावर त्याला कामाची काय कमतरता! 1969 साली नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले तेव्हा त्यांच्या डोक्याभोवतीचा पारदर्शक घुमट पॉलिकार्बोनेटचा होता. त्यांचा श्वास आणि चंद्रावरची निर्वात पोकळी यांच्यामध्ये चेहऱ्यासमोर हीच भिंत होती. 1982 साली सीडी बाजारात आली: 12 सेंटिमीटर व्यासाची आणि 1.2 मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेटची चकती. कॅसेटची फीत पेन्सिलीने गुंडाळत बसणाऱ्या आपल्या पिढीला ती चकती म्हणजे चमत्कारच वाटला होता. 1980 च्या दशकात मोटारींचे दिवे काचेऐवजी या प्लास्टिकचे होऊ लागले, चष्म्यांच्या हलक्या काचाही पसरल्या. बँकांच्या खिडक्यांत काच आणि पॉलिकार्बोनेटचे थर एकमेकांवर चिकटवून गोळीला दाद न देणाऱ्या जाड काचा बसल्या.

आमच्या खात्यातही ते आले. नानांच्या निवृत्तीच्या सुमाराला नवे गॉगल मिळाले. नानांनी एक हातात घेतला, उलटासुलटा केला, दोन्ही हातांनी वाकवून पाहिला आणि म्हणाले, “वाकतोय. मग बरा आहे.” आघाताचे सारे शास्त्र त्या एका शब्दात होते.

माझी चूक

आता गॉगलची हकिगत सांगतो. 1994 साल. मी तोवर देखभाल खात्याचा सुपरवायझर झालो होतो. लेथ मशीनवर ऑपरेटर आणि फिरणारा जॉब यांच्यामध्ये पारदर्शक गार्ड असतो. आम्ही ते पॉलिकार्बोनेटचे बसवून घेतले होते आणि ती मागणी माझीच होती. ‘न फुटणारे’ म्हणून मी सगळ्यांना अभिमानाने दाखवत असे.

गार्डवर तेल उडते, बुरा चिकटतो, पलीकडचे दिसेनासे होते. साबणाच्या पाण्याने तेल लवकर निघत नाही. मीच सांगितले, “थिनर घ्या आणि कॉटन वेस्टने पुसून टाका.” एका फटक्यात गार्ड लख्ख. महिनोन् महिने ते तसेच पुसले जात होते. बोल्टांच्या भोकांभोवती केसासारख्या बारीक रेषा दिसू लागल्या होत्या. मी त्या पाहिल्या होत्या, पण ओरखडे समजून सोडून दिल्या.

एके दुपारच्या पाळीत चकमधून जॉब निसटला. गार्डवर आदळला आणि गार्ड बोल्टाच्या भोकापासून चिरत गेले, काचेसारखे. एक तुकडा उडून ऑपरेटरच्या चेहऱ्यावर बसला. तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा होता. तुकड्याने गॉगलच्या उजव्या काचेला धडक दिली आणि गाल चिरत खाली गेला. गालाला सात टाके पडले. डोळा वाचला.

दवाखान्यात मी त्याच्याशेजारी बसलो होतो. तो म्हणाला, “साहेब, ते तर फुटत नाही म्हणाला होता ना?” त्याच्या बोलण्यात राग नव्हता, नुसते आश्चर्य होते. मला उत्तर देता आले नाही.

उत्तर शोधायला मी नंतर पुस्तके वाचली, मोल्डिंगवाल्यांना भेटलो, चौकशा केल्या. कळले ते असे. थिनर, अॅसिटोन, पेट्रोल असे द्रव पॉलिकार्बोनेटच्या साखळ्यांमध्ये शिरतात आणि त्यांची एकमेकींवरची पकड ढिली करतात. जिथे पदार्थ आधीच ताणात असतो, म्हणजे बोल्ट आवळलेला असतो तिथे, बारीक तडे सुरू होतात. वरून वस्तू लख्ख दिसते, आतून तिचा चिवटपणा गेलेला असतो. खाच पडलेल्या जागी हे प्लास्टिक मुळातच हळवे असते. आयझॉड आपल्या पट्टीला मुद्दाम खाच का पाडत होता, ते मला त्या दिवशी उमजले. अणकुचीदार खाच आणि थिनर, दोन्ही आम्हीच पुरवले होते.

गॉगल आणि गार्ड एकाच पदार्थाचे होते. फरक इतकाच, की तो मुलगा आपला गॉगल रोज घरी नेऊन साबणाने धुवायचा, आणि गार्ड माझ्या हुकुमाने थिनरने पुसले जायचे. एकाने शब्द राखला, दुसऱ्याने मोडला. मोडणाऱ्याचा दोष म्हणावा तर तो मोडणाऱ्याचा नव्हताच. कारखान्याच्या चौकशीत ‘जॉब नीट न पकडल्याने अपघात’ असे लिहिले गेले. तेही खरेच होते. पण थिनरची गोष्ट मी स्वतः जाऊन त्या कागदावर लिहून घ्यायला लावली. नानांना भेटून सांगितले तेव्हा ते इतकेच म्हणाले, “आता तरी विचारशील ना, कशाचा आहे ते?”

पाझरलेला चंबू

तिसरा चंबू अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातला. तिथे अरुणा कृष्णन, डेव्हिड फेल्डमन आणि त्यांचे सहकारी यीस्टवर संशोधन करत होते. स्त्रियांच्या शरीरात असते त्या इस्ट्रोजेन संप्रेरकासारखे काहीतरी द्रव्य त्यांना आढळले. आधी वाटले, यीस्टच ते बनवते आहे. बारकाईने तपास करता उलगडले, की ते द्रव्य यीस्टचे नव्हे. ज्या पॉलिकार्बोनेटच्या चंबूंत पाणी वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केले जात होते, त्या चंबूंतूनच ते पाझरत होते. द्रव्य होते बिस्फेनॉल-ए. हे संशोधन 1993 साली प्रसिद्ध झाले.

पाण्याचा धागा लक्षात ठेवा म्हणालो होतो तो इथे परत येतो. फॉक्सला ओलाव्याला दाद न देणारा पदार्थ हवा होता. थंड पाण्याला तो दाद देत नाहीच. पण कडक उष्णता आणि पाणी एकत्र आले की साखळीचे सांधे हळूहळू सुटतात. मोल्डिंगवाल्यांना हे आधीपासून ठाऊक होते. साच्यात घालण्याआधी पॉलिकार्बोनेटचे दाणे 120 अंशांवर तीन-चार तास सुकवावे लागतात, ओलावा 0.02 टक्क्यांच्या खाली आला नाही तर मालावर रुपेरी रेघा उठतात आणि तो ठिसूळ होतो. मशीनवरच्या कामगाराचे हे ज्ञान प्रयोगशाळेतल्या कोड्याच्या शेजारीच पडलेले होते. दोघांची गाठ पडायला वेळ लागला.

आणखी एक चुकचुक लावणारी गोष्ट. बिस्फेनॉल-ए प्रथम 1891 साली रशियन रसायनज्ञ दियानिन याने बनवले होते. त्यात इस्ट्रोजेनसारखा गुण असल्याचे इंग्लंडमध्ये एडवर्ड चार्ल्स डॉड्स यांनी 1936 साली दाखवून दिले होते. म्हणजे श्नेल आणि फॉक्स यांच्या आधी सतरा वर्षे. माहिती ग्रंथालयात होती, पण औषधांच्या कपाटात. प्लास्टिकवाल्यांचे कपाट वेगळे होते.

बाटली न फुटणे हा आईबापांना मोठा दिलासा वाटायचा. आमच्याही घरी 2004 साली नातीसाठी पॉलिकार्बोनेटच्या दुधाच्या बाटल्या आणल्या होत्या. मीच आणल्या, आणि ‘काचेची नको’ हे आग्रहाने सांगणाराही मीच. सूनबाई त्या रोज दहा-दहा मिनिटे पाण्यात उकळत असे. काळजीने उकळत होती ती. आज नात ठणठणीत आहे आणि कुणाला घाबरवण्याचा माझा हेतू नाही. पण जी काळजी आपण घेतो ती त्या वस्तूच्या स्वभावाला मानवते का, हा प्रश्न तेव्हा मला सुचला नाही. थिनरच्या अनुभवानंतरही सुचला नाही.

किती मात्रेने किती अपाय, यावर शास्त्रज्ञांत बराच वाद झाला. तान्ह्या मुलांच्या बाबतीत मात्र बहुतेक देशांनी सावधपणाची बाजू घेतली. युरोपीय संघाने 2011 साली आणि अमेरिकेने 2012 साली दुधाच्या बाटल्यांतून हे द्रव्य हद्दपार केले. आपल्याकडे 2015 सालच्या भारतीय मानकाने बाटल्यांसाठी त्याला मनाई केली. डिसेंबर 2024 मध्ये युरोपीय संघाने पुढचे पाऊल टाकून अन्नाला लागणाऱ्या वस्तूंमध्येच त्यावर बंदी घातली, तयारीसाठी मुदत ठेवून.

आणखी एक ऋण सांगितल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. श्नेलच्या पद्धतीत बिस्फेनॉल-एच्या जोडीला फॉस्जिन हा वायू लागतो. पहिल्या महायुद्धात ज्याने हजारो सैनिक मेले, तोच. भोपाळच्या कारखान्यात मिथिल आयसोसायनेट बनवण्यासाठीही फॉस्जिनच वापरले जाई. 1984 सालच्या त्या रात्रीनंतर हे नाव आपल्याला साधे राहिलेले नाही. डोळे राखणाऱ्या वस्तूच्या जन्माला असा विषारी वायू लागावा, हे रसायनशास्त्राचे नेहमीचेच कोडे. समाधान इतकेच, की फॉस्जिन टाळून कार्बन डायऑक्साइड वापरणारी पद्धत जपानच्या आसाही कासेई कंपनीने विकसित केली आणि 2002 साली तैवानमध्ये तिच्यावर चालणारा कारखाना सुरू झाला.

वाक्याचा उरलेला भाग

आपल्या भाषेत न मोडणाऱ्याला ‘अभंग’ असा सुंदर शब्द आहे. तो शब्द आपण संतांच्या वाणीसाठी राखून ठेवला, ते बरेच झाले. माणसाने बनवलेली कुठलीही वस्तू अभंग नसते. ती कशाने फुटत नाही हे जितके खरे, तितकेच ती कशाने फुटते हेही खरे. “फुटणार नाही” हे अर्धे वाक्य आहे. उरलेले अर्धे असे: साबणाच्या पाण्याने धुतलेत, थिनर-पेट्रोल लावले नाहीत, अणकुचीदार खाच पडू दिली नाहीत, तर.

म्हणून श्रोतेहो, आज घरी चार गोष्टी पाहा. हेल्मेटची काच पेट्रोलच्या फडक्याने पुसत असाल तर थांबा. ती कितीही साफ दिसली तरी फिक्या रेषांचे जाळे दिसू लागले की बदला. गॅलरीवर पत्रे बसवताना ज्या बाजूवरच्या कागदावर सूचना छापलेली असते ती कुठे ठेवायची हे वाचून घ्या. उन्हापासून राखणारा थर सहसा एकाच बाजूला असतो आणि ती बाजू सूर्याकडे हवी, नाहीतर पत्रा लवकर पिवळा पडून ठिसूळ होतो. पाण्याचा जार उन्हात ठेवू नका, त्यात गरम पाणी ओतू नका. आणि चष्म्याची काच कोरडी घासू नका. घाव सोसणारे हे प्लास्टिक ओरखड्याला मात्र फार लवकर हार जाते.

तो ऑपरेटर पुढे स्वतःचे छोटे वर्कशॉप काढून स्थिरावला. माझ्या निवृत्तीच्या दिवशी तो भेटायला आला. गालावरची रेघ आता सुरकुत्यांत मिसळत चालली होती. त्याने कागदात गुंडाळलेली एक वस्तू हातात दिली आणि म्हणाला, “साहेब, हा तुमच्याकडेच असू द्या. माझ्याकडे नवी पोरं येतात, त्यांना मी तोंडीच सांगतो.”

“काय सांगतोस?” मी विचारले.

“हेच, की घालायच्या आधी विचारा, कशाचा आहे आणि कशानं पुसायचा.”

नाना तोवर गेले होते. पण त्यांचा प्रश्न एका पिढीने पुढे सरकला होता, आणि जाता जाता थोडा लांबलाही होता.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)